‘३०० डीपीआय’ची अट बदलावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांकडून छायाचित्रे मागवणारी एक चौकट नियमाने छापली जाते आणि तिच्यात ‘छायाचित्र किमान ३०० डीपीआयचे व सीएमवायकेमध्ये असावे’ अशी अट असते. (डीपीआय म्हणजे ढोबळमानाने इंचामागील ठिपके आणि सीएमवायके म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळा व काळा या छपाईच्या चार शायांत मांडलेला रंग.) माझे बहुतेक आयुष्य मुद्रणपूर्व विभागात, म्हणजे छपाईच्या प्लेट तयार होण्याआधीच्या कामात गेले आहे. अशाच शब्दांतल्या अटी वाचून लोकांनी धडपडून तयार केलेल्या शेकडो फाइली मी उघडून पाहिल्या आहेत. अट घालणाऱ्याचा हेतू चांगला असतो, हे मी जाणतो. परंतु तिचा पहिला भाग काहीच सांगत नाही आणि दुसरा भाग वाचकाच्या चांगल्या छायाचित्राचे नुकसान करतो, असे माझे अनुभवान्ती मत आहे. वृत्तपत्रात छापलेला शब्द लोक प्रमाण मानतात, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

डिजिटल छायाचित्र म्हणजे पिक्सेलांचा तक्ता. तक्त्यातील प्रत्येक घरात रंगाचे आकडे असतात. मात्र त्या घराला स्वतःची लांबी-रुंदी नसते. इंच आणि सेंटिमीटर ही मापे कागदाची असून फाइलमध्ये फक्त ‘मला छापताना एका इंचात इतके पिक्सेल बसवा’ अशी एक नोंद असते, जी कोणालाही केव्हाही बदलता येते. ४००० × ३००० पिक्सेलांच्या छायाचित्रात ही नोंद ३०० असेल, तर त्याची रुंदी सुमारे ३४ सेंटिमीटर दाखवली जाते. तीच नोंद ७२ केली, तर रुंदी १४१ सेंटिमीटर दिसते. दोन्ही वेळा पिक्सेल तेच १ कोटी २० लाख असतात आणि चित्रातील तपशील रतिभरही बदललेला नसतो. उलट, केवळ ६४० × ४८० पिक्सेलांच्या चिमुकल्या चित्रावर ३०० ही नोंद केली की ते आपल्या अटीत चोख बसते, पण त्या हिशेबाने त्याची छापील रुंदी जेमतेम साडेपाच सेंटिमीटर भरते. ते १५ सेंटिमीटर रुंद छापायचे ठरवले, तर इंचामागे १०८ पिक्सेल उरतात आणि चित्र फाटते. मोबाइलवरील संदेशांतून आलेली चित्रे बहुधा वाटेतच आकसलेली असतात, आणि ती ‘३०० डीपीआय करून’ पाठवणारा मनुष्य आपण अट पाळली या समाधानात असतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे सॉफ्टवेअरकडून नवे पिक्सेल भरून घेणे. शेजारच्या घरांतील आकड्यांची सरासरी काढून मधली घरे भरली जातात, फाइल जड होते, पण डोळ्यांच्या पापण्या किंवा पानांच्या शिरा कॅमेऱ्याने टिपल्याच नसतील तर त्या कुठूनही येत नाहीत. हल्लीची काही साधने अशा जागी पटण्याजोगा तपशील रचून देतात. बातमीच्या छायाचित्रात मात्र असा रचलेला तपशील चालवून घेऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

येथे तीन शब्द वेगळे ठेवणे आवश्यक आहे, कारण बोलताना आपण तिन्हींना ‘डीपीआय’ म्हणून मोकळे होतो. पीपीआय म्हणजे छापताना एका इंचात बसणारे चित्राचे पिक्सेल. डीपीआय म्हणजे यंत्र एका इंचात किती सूक्ष्म ठिपके उमटवू शकते ते. प्लेट तयार करणाऱ्या यंत्राच्या बाबतीत २४०० हा नेहमीचा आकडा आहे. आणि एलपीआय म्हणजे हाफटोनच्या, म्हणजे छटा लहानमोठ्या ठिपक्यांनी दाखवणाऱ्या, जाळीच्या एका इंचातील ओळी. हा तिसरा शब्द सामान्य वाचकाच्या कानांवर क्वचितच पडतो, परंतु छपाईचे सारे गणित त्याच्यावर उभे आहे.

हे पान हातात असेल तर एक भिंग घेऊन त्यावरील कोणतेही छायाचित्र पाहावे. चेहऱ्यावरच्या ज्या मऊ छटा दिसत होत्या त्या नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी लहानमोठे ठिपके दिसू लागतात. ऑफसेट यंत्राला, म्हणजे प्लेटवरून वृत्तपत्र छापणाऱ्या यंत्राला, फिकी शाई ठाऊक नसते. एखाद्या जागी शाई लागते किंवा लागत नाही, एवढेच त्याला कळते. म्हणून फिका भाग लहान ठिपक्यांनी आणि गहिरा भाग मोठ्या ठिपक्यांनी दाखवायचा आणि त्यांचे मिश्रण करण्याचे काम वाचकाच्या डोळ्यांवर सोपवायचे, ही हाफटोनची युक्ती आहे. २४०० डीपीआयच्या यंत्रावर १५० ओळींची जाळी घेतली, तर प्रत्येक हाफटोन ठिपक्याला १६ × १६, म्हणजे २५६ सूक्ष्म घरे मिळतात आणि तेवढ्या प्रमाणात त्याचा आकार लहानमोठा करता येतो. चारही रंगांच्या जाळ्या एकाच दिशेने ठेवल्या तर चित्रावर नको ती नक्षी उमटते, जिला आमच्या विभागात मॉरे म्हणतात. ती टाळण्यासाठी प्रत्येक जाळी निराळ्या कोनात फिरवतात: परंपरेने सायन १५ अंशांवर, काळा ४५ वर, मॅजेंटा ७५ वर आणि सर्वांत कमी डोळ्यांत भरणारा पिवळा ० अंशावर. भिंगातून दिसणारी फुलासारखी वर्तुळे या कोनांमुळेच तयार होतात. इतकी वर्षे झाली, तरी चांगल्या छपाईतील ती वर्तुळे पाहताना मला अजूनही आनंद होतो.

जाळीच्या ओळींच्या दीडपट ते दुप्पट पिक्सेल दिले की छपाईला पुरते, असा मुद्रकांचा जुना ठोकताळा आहे. गुळगुळीत कागदावरच्या मासिकासाठी १५० ओळींची जाळी, तिची दुप्पट ३००: सर्वांच्या तोंडी बसलेला आकडा आला तो या हिशेबातून. वृत्तपत्राचा कागद शाई शोषून घेणारा आणि खरखरीत असल्यामुळे त्यावर साधारण ८५ ते १०० ओळींची जाळी वापरतात. म्हणजे इंचामागे २०० पिक्सेल मिळाले तरी काम उत्तम होते. १५ सेंटिमीटर रुंदीच्या चित्रासाठी सुमारे १२०० पिक्सेल पुरेसे आहेत. वाचकाला हा एकच आकडा सांगितला, तर तो आपल्या छायाचित्राचे गुणधर्म उघडून क्षणात पडताळून पाहू शकेल. घरगुती प्रिंटरच्या खोक्यावर ४८०० सारखे जे आकडे छापलेले असतात ते शाईच्या थेंबांच्या जागांचे असतात. ते वाचून तेवढ्या पिक्सेलांची फाइल तयार करणे निरर्थक आहे.

आता ‘सीएमवायके’विषयी. पडदा प्रकाश फेकतो आणि कागद त्याच्यावर पडलेला प्रकाश परत पाठवतो, या एका भेदातून बाकीचे सगळे निघते. पडद्यावर लाल, हिरवा आणि निळा प्रकाश एकमेकांत मिळवत जावे तसे तेज वाढते आणि तिन्ही पुरेपूर मिळाले की पांढरा दिसतो. आपल्या डोळ्यांतील शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात म्हणून तीन प्रकाशांत काम भागते. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ साली लंडनमध्ये तीन गाळण्यांतून घेतलेली एका रंगीत फितीची तीन छायाचित्रे पडद्यावर एकावर एक टाकून हेच दाखवले होते, आणि आजचा कॅमेराही त्याच तत्त्वावर चालतो. शाईचे काम याच्या उलट आहे. सायन शाई प्रकाशातील लाल गिळते, मॅजेंटा हिरवा गिळते आणि पिवळी निळा गिळते. उरलेला प्रकाश कागदावरून परत येतो. म्हणून छपाईत लाल हवा असेल तर मॅजेंटा आणि पिवळा एकावर एक छापतात. शाळेत ‘लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग’ असे पाठ केलेल्या मुलाला प्रिंटरमध्ये लाल आणि निळ्या शायांच्या ठिकाणी किरमिजी आणि आकाशाकडे झुकणारी अशा शाया दिसतात, तेव्हा त्याला पडणारा प्रश्न अगदी योग्य असतो आणि त्याचे उत्तर त्याला मिळायला हवे.

पडद्यावरचा काळा म्हणजे प्रकाशाचा अभाव आणि छपाईतला पांढरा म्हणजे शाईचा अभाव, ही गोष्ट एकदा मनात नीट बसली की पुष्कळ गोंधळ आपोआप मिटतात. छापील चित्रातील पांढरा शर्ट हा कागदच असतो. वृत्तपत्राचा कागद करडट-पिवळसर असेल, तर त्याहून शुभ्र शर्ट जगातील कोणतेही यंत्र त्यावर छापू शकणार नाही. काळ्याची गोष्ट वेगळी आहे. सायन, मॅजेंटा आणि पिवळा एकत्र आले की हिशेबाने काळा व्हायला हवा, परंतु प्रत्यक्षातील शाया तितक्या शुद्ध नसल्याने मातकट तपकिरी रंग येतो, शिवाय तीन थर वाळायला वेळ लागतो. म्हणून चौथी काळी शाई. तिच्यासाठीचे ‘के’ हे अक्षर मुद्रकांच्या बोलीतील ‘की’ प्लेटवरून आले, जिच्याशी बाकीच्या प्लेट जुळवून घेतल्या जातात.

यावरून ध्यानात येईल की आरजीबी (लाल, हिरवा, निळा) म्हणजे पडद्याची भाषा आणि सीएमवायके म्हणजे एका विशिष्ट यंत्रावर, विशिष्ट कागदावर किती शाई सोडायची याची कृती. ही कृती कागदागणिक बदलते. वृत्तपत्राच्या कागदावर ठिपका पसरतो. मधल्या छटांत ही वाढ सुमारे २६ टक्के धरली जाते, म्हणजे ५० टक्क्यांचा ठिपका छापल्यावर ७६ टक्क्यांसारखा दिसतो. चारही शाया मिळून एका जागी जास्तीत जास्त किती टक्के द्याव्यात, हेही ठरलेले असते: वृत्तपत्रासाठी साधारण २४०, तर गुळगुळीत कागदासाठी ३०० किंवा थोडी अधिक. घरच्या संगणकावर वाचक जेव्हा ‘सीएमवायके’ हा पर्याय निवडतो, तेव्हा त्याचे सॉफ्टवेअर बहुधा गुळगुळीत कागदाचे गणित धरून रूपांतर करते. ते चित्र वृत्तपत्रात तसेच छापले की गडद भाग एकजीव काळे होतात, शाई मागच्या पानावर उमटते आणि चेहरे सुजल्यासारखे दिसतात. तोवर आरजीबीतील तळपता निळा, पोपटी आणि केशरी हे रंग छपाईच्या आवाक्याबाहेरचे म्हणून कापले गेलेले असतात, आणि एकदा कापलेले रंग फाइल परत आरजीबी केल्याने मिळत नाहीत. ज्याला आपला कागद, आपली शाई आणि आपले यंत्र ठाऊक आहे त्या आपल्या मुद्रणपूर्व विभागानेच हे रूपांतर करायला हवे. वाचकाकडून ते करवून घेणे म्हणजे कापड न पाहता दुसऱ्याच शिंप्याकडून बेतून आणण्यासारखे आहे.

वाचकाने आरजीबीच पाठवावे हे मान्य केले, तरी ‘कोणते आरजीबी?’ हा प्रश्न उरतो. लाल २५५, हिरवा १२०, निळा ० असे आकडे हे रंगाचे नाव नसून यंत्राला दिलेली आज्ञा आहे. दोन निराळ्या पडद्यांना तीच आज्ञा दिली, तर दोन निराळे केशरी दिसतील. मागे कोणते एकक आहे हे न सांगता ‘लांबी ५’ म्हणावे, तशी ही गत आहे. हे एकक सांगणाऱ्या वर्णनाला रंग-प्रोफाइल म्हणतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांचे रंग कळावेत म्हणून १९९३ साली आंतरराष्ट्रीय रंग संघ, म्हणजे आयसीसी, स्थापन झाला आणि त्याने या प्रोफाइलचा नमुना ठरवून दिला. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ साली मांडलेले एसआरजीबी हे १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि आज पडद्यांसाठी तेच सर्वाधिक चालते; १९९८ सालचे अॅडोबी आरजीबी त्याहून रुंद असून विशेषतः हिरव्या-निळसर रंगांत पुढे जाते. अॅडोबी आरजीबीतील चित्राचे प्रोफाइल काढून टाकले आणि ते एसआरजीबी समजून वाचले, तर तेच आकडे मलूल, रक्त आटल्यासारखे दिसतात; मग कोणीतरी ते ‘सुधारायला’ बसतो आणि बिघाडावर बिघाड चढतो.

याच ठिकाणी सॉफ्टवेअरमधील दोन आज्ञांची गल्लत होते. एक आज्ञा आकडे तसेच ठेवून त्यांच्यावर नवी चिठ्ठी लावते, त्यामुळे दिसणारा रंग बदलतो. दुसरी दिसणारा रंग शक्य तितका राखून आकडे बदलते. पहिलीला ‘प्रोफाइल नेमणे’ आणि दुसरीला ‘प्रोफाइलमध्ये रूपांतर करणे’ असे मराठीत निरपवादपणे म्हटले, तर नवशिक्यांचे कितीतरी तास वाचतील.

शब्दांचा विषय निघाला आहे तर आपल्या भाषेतील एका अडचणीकडे लक्ष वेधतो. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, पाहायला आलेला ग्राहक म्हणतो, ‘हा लाल जरा गडद करा.’ उमेदवारीच्या काळात मी अशाच एका सांगण्यावरून लाल रंगात काळा वाढवला आणि फुलांचे एक सुंदर चित्र वाळलेल्या रक्ताच्या रंगाचे करून ठेवले. ग्राहकाला हवा होता तो अधिक भरदार, अधिक टवटवीत लाल. त्यानंतर मी प्रत्येकाला विचारू लागलो की गडद म्हणजे काळोखाकडे जाणारा की रंगाने भरलेला? मराठीत ‘गडद’ हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो आणि ‘फिका’ हाही तसाच: पांढऱ्याकडे झुकलेला तो फिका आणि धुतल्याने विटून करडा पडलेला तोही फिकाच. अमेरिकी चित्रकार अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली रंगाच्या तीन बाजू वेगळ्या करून दाखवल्या: रंग कोणत्या जातीचा आहे, तो किती उजळ किंवा काळोखा आहे, आणि तो करड्यापासून किती दूर, किती भरलेला आहे. आज कोणत्याही छायाचित्र-संपादकात ज्या तीन पट्ट्या सरकवता येतात, त्या थोड्याफार फरकाने याच होत. पुस्तकी मराठीत त्यांना रंगछटा, उजळपणा आणि संपृक्तता म्हणतात. संपृक्तता हा शब्द जड वाटत असेल, तर ‘भरीवपणा’ म्हणावे. परंतु तिन्हींसाठी ‘गडद-फिका’ हीच एक जोडी वापरत राहणे थांबवायला हवे. आपल्याकडे भडक, गर्द, मळकट, विटका, उजळ असे किती तरी नेमके शब्द रोजच्या बोलण्यात आहेत. ‘मळकट झाला आहे’ असे म्हणणारी गृहिणी ‘कमी संपृक्तता’ हेच सांगत असते, आणि अधिक अचूकपणे सांगत असते.

पडद्यापेक्षा छपाई काळवंडलेली येते, ही तक्रार मी सर्वांत अधिक वेळा ऐकली आहे. पुष्कळदा दोष छपाईचा नसतो. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवलेला असतो आणि त्या लखलखाटात चित्र तपासून मान्य केलेले असते. प्रूफ कोणत्या उजेडात पाहावे यालाही मानक आहे. छपाईच्या व्यवसायात सुमारे ५००० केल्विनचा, डी५० म्हणून ओळखला जाणारा प्रकाश त्यासाठी वापरतात, तर एसआरजीबीचा पांढरा सुमारे ६५०० केल्विनचा, म्हणजे अधिक निळसर असतो. दोन रंग एका दिव्याखाली जुळावेत आणि दुसऱ्याखाली वेगळे दिसावेत, असेही घडते. पिवळ्या दिव्याखाली प्रूफ नाकारणाऱ्या ग्राहकाला खिडकीशी नेऊन तेच प्रूफ पुन्हा दाखवल्यावर त्याचे मत बदललेले मी अनेकदा पाहिले आहे.

देवनागरीशी संबंधित एक गोष्ट छोट्या जाहिराती पाठवणाऱ्यांनाही कळायला हवी. आरजीबीत तयार केलेला काळा मजकूर सीएमवायकेमध्ये नेला की तो चारही शायांत विभागला जातो. यंत्रावर कागद अतिवेगाने धावत असताना चार प्लेटांची जुळणी केसाएवढी सरकणे स्वाभाविक आहे, ज्याला आम्ही रजिस्टर हलणे म्हणतो. मोठ्या चित्रात ते खपून जाते; पण बारीक अक्षरांच्या शिरोरेषेला लाल-निळी किनार येते आणि वेलांट्या दुहेरी दिसतात. रंगीत पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे सोडली तर हाल याहून वाईट, कारण पसरलेली शाई अनुस्वाराचे इवलेसे वर्तुळ बुजवून टाकते आणि ‘नंदी’ची ‘नदी’ होते. बारीक मजकूर केवळ काळ्या शाईत, १०० टक्के, आणि खालच्या रंगावर थेट छापला जाईल असा ठेवावा. पांढरी अक्षरे सोडायचीच असतील तर ती ठसठशीत आणि मोठी असावीत, आणि पार्श्वभूमी शक्यतो एकाच शाईची असावी.

हे सर्व ध्यानात घेऊन चौकटीतील मजकूर पुढीलप्रमाणे बदलावा, अशी माझी विनंती आहे: ‘छायाचित्राची रुंद बाजू किमान १२०० पिक्सेल असावी, शक्य असल्यास कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइलच, न आकसता पाठवावी. छायाचित्र आरजीबीमध्येच ठेवावे, त्यातील रंग-प्रोफाइल काढू नये आणि ते सीएमवायकेमध्ये रूपांतरित करू नये. पिक्सेल कमी असतील तर ते वाढवून पाठवू नये.’ पहिल्या पानावर किंवा पानभर रुंदीने छापायच्या चित्रांसाठी यातील आकडा त्या रुंदीच्या प्रमाणात वाढवावा लागेल, आणि तो आपला मुद्रणपूर्व विभाग आपल्या जाळीच्या ओळी पाहून क्षणात सांगू शकेल.

आपला,
एक जुना वाचक व मुद्रणपूर्व तंत्रज्ञ